बिनविरोध निवडीच्या फोटोत डॉक्टर स्त्रिया किती?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वर्षातून एकदा, गोव्यातल्या डॉक्टरांच्या संघटनांच्या वार्षिक सभा आटोपल्या की, आपल्या दैनिकासह सगळ्याच वर्तमानपत्रांत एक ठरावीक बातमी येते. अमुक शाखेची नवी कार्यकारिणी बिनविरोध निवडली गेली, अध्यक्ष डॉ. अमुक, सचिव डॉ. तमुक, आणि सोबत एक फोटो. मधल्या खुर्च्यांवर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार बसलेले असतात. स्त्रिया बहुधा कडेला किंवा मागच्या रांगेत असतात आणि त्यांची पदे सहसचिव, सांस्कृतिक सचिव किंवा महिला विभाग प्रमुख अशी असतात. वाचकांनी अशी शेवटची चार-पाच कात्रणे शोधून त्यांतली डोकी मोजावीत. हे पत्र त्या मोजणीविषयी आहे.

"बायका पुढेच येत नाहीत, आम्ही तरी काय करणार?" हे याचे नेहमीचे स्पष्टीकरण. आम्हाला ते मान्य नाही. पुढे येण्याची वाट नियमावलीतल्या पाच-सहा कलमांनी आणि तितक्याच सवयींनी अडवली आहे. ती कलमे आणि त्या सवयी दाखवता येतात, बदलताही येतात. ज्या संघटनांना खरोखरच बदल हवा आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

आधी, सामान्य वाचकाचा यात काय संबंध, ते सांगायला हवे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर इस्पितळात प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, तेव्हा गोव्यातले निवासी डॉक्टरही रस्त्यावर उतरले. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमले. अशा वेळी सरकारशी बोलायला संघटनेचे अध्यक्ष आणि सचिव जातात. मागण्यांच्या यादीत सीसीटीव्ही आणि सुरक्षारक्षक लगेच येतात. मात्र ड्यूटी रूमच्या दाराला आतून लागणारी कडी आहे का, वॉर्डाच्या त्याच मजल्यावर स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे का, रात्री दोन वाजता लेबर रूममधून हॉस्टेलकडे जाणाऱ्या वाटेवरचा दिवा लागतो का, हे प्रश्न ती वाट चालणाऱ्यालाच सुचतात. बोलणी करणाऱ्यांत ती व्यक्ती नसली की यादी अर्धीच राहते. नवी उपचारपद्धती कोणत्या व्यासपीठावर मांडायची, कोणत्या आजाराच्या शिबिराला पैसे द्यायचे, तक्रार आलेल्या डॉक्टरची बाजू कोणी ऐकायची, हेही याच कार्यकारिण्या ठरवतात. याचा परिणाम रुग्णापर्यंत पोहोचतो.

आता संख्या. वैद्यकीय प्रवेशाच्या २०२४ च्या नीट परीक्षेसाठी देशभरात मुलींची नोंदणी १३ लाखांच्या वर होती, मुलांची १० लाखांच्या आसपास. एमबीबीएसच्या कोणत्याही वर्गात आज डोकावले तरी हे चित्र दिसते. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत गेलेल्या माणसाला तर आकड्यांची गरजच नाही. डॉक्टरने पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षणाला (सीएमई) द्यावेत, असे २००२ च्या व्यावसायिक वर्तणूक नियमांत आहे. म्हणून संघटनांच्या सीएमईंना स्त्रिया येतात आणि खुर्च्या भरतात. सभागृहात त्या आहेतच, फक्त व्यासपीठावर आणि हिशेबाच्या टेबलाशी नाहीत.

हा योगायोग असू शकतो का, हे साध्या गणिताने तपासता येते. समजा, एका शाखेत २०० सदस्य आहेत, त्यांतल्या ८० स्त्रिया आणि कार्यकारिणी १५ जणांची. डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या तर सरासरी ६ स्त्रिया यायला हव्यात. दोन किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता शंभरात तीन वेळाही नाही. त्याच शाखेने भरवलेल्या परिषदेत दहा वक्ते असतील आणि दहाही पुरुष असतील, तर असे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता हजारात सहा वेळा. एकदा झाले तर समजू. दरवर्षी होत असेल तर त्याला कारण आहे, आणि कारण शोधणे हा तर आपल्या व्यवसायाचा पायाच आहे.

पहिले कारण शिडी. बहुतेक संघटनांत अध्यक्षपद थेट मिळत नाही. आधी दोन वर्षे कार्यकारिणी सदस्य, मग सहसचिव, मग खजिनदार, मग दोन वर्षे सचिव, मग उपाध्यक्ष, मग नियोजित अध्यक्ष आणि शेवटी अध्यक्ष. सात-आठ वर्षांचा हा प्रवास. काही ठिकाणी नियमावलीत लिहिलेले असते, काही ठिकाणी नुसता पायंडा असतो. आता वय जोडून पाहा. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमडी किंवा एमएसची तीन, त्यानंतर सीनियर रेसिडेन्सी. व्यवसायात स्थिरावेपर्यंत वय २८-२९ होते. शिडीची पहिली पायरी तिशीत येते आणि मधल्या पायऱ्या ३२ ते ३८ या वयात. बाळंतपण आणि लहान मुले याच वर्षांत. पुरुष सहकाऱ्याची शिडी त्या काळात चालू राहते. बाईने एक वर्ष सोडले की तिला पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते, कारण "सलग दोन वर्षे कार्यकारिणीत असलेला सदस्यच पदाधिकारी होऊ शकेल" अशी अट असते. त्या अटीतला "सलग" हा एक शब्द किती जणींना बाहेर ठेवतो, हे नियमावली लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल. तो काढून "गेल्या आठ वर्षांत एकूण दोन वर्षे" असे लिहिले तर अनुभवाची अट तशीच राहते आणि दारही उघडते.

याच जातीचे आणखी एक कलम जवळजवळ प्रत्येक नियमावलीत सापडते: लागोपाठ तीन बैठकांना गैरहजर राहिल्यास कार्यकारिणीचे सदस्यत्व आपोआप रद्द. बैठका महिन्याला एक. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे, म्हणजे सहा बैठका. कायद्याने दिलेली रजा पूर्ण घेणारी सदस्या रजेच्या अर्ध्यावरच समितीतून बाद होते. कोणी तिला काढले नाही, कोणाच्या मनात वाईटही नव्हते, कलमाने आपले काम केले. प्रसूती, दत्तक किंवा गंभीर आजारपणाची रजा ही गैरहजेरी धरू नये, या काळात ऑनलाइन हजेरी ग्राह्य धरावी, एवढी एक ओळ त्या कलमाखाली हवी.

दुसरे कारण सभेची वेळ. एखाद्या वार्षिक सभेची नोटीस समोर ठेवून वाचा. रात्री साडेआठ, पणजी किंवा दोनापावल्याच्या हॉटेलात, "कोरम न झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी सभा होईल व तिला कोरमची आवश्यकता राहणार नाही", त्यानंतर पेयपान आणि भोजन. निवडणूक हा विषयपत्रिकेतला शेवटून दुसरा विषय, म्हणजे रात्रीचे दहा. काणकोणच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला पणजी ७० किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी नऊला ओपीडी असताना ती रात्री बाराला घाटातून परत कशी जाणार? वाळपई, सांगे, पेडणे, प्रत्येक टोकाची हीच गोष्ट. शिवाय नवी कार्यकारिणी खरी ठरते ती सभेनंतर ग्लास हातात घेऊन उभ्या असलेल्या घोळक्यात. "पुढच्या वर्षी तू सचिव हो" हे वाक्य तिथे बोलले जाते. घरी मूल झोपवायचे किंवा सासू-सासऱ्यांना औषध द्यायचे म्हणून जी साडेनऊला निघाली, तिच्या कानावर ते पडत नाही.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. वार्षिक सभा रविवारी सकाळी साडेदहा ते साडेबारा घ्यावी. चर्चमध्ये मासला जाणाऱ्यांचीही सोय होते, ओपीडीही नसते. जागा दरवर्षी बदलावी, आणि फोंडा तर सगळ्यांनाच मध्ये पडतो. चतुर्थीचा आठवडा, नाताळ आणि ३ डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त टाळावे. निवडणूक हा विषय पहिल्या अर्ध्या तासात घ्यावा. जी शाखा सीएमई ऑनलाइन दाखवू शकते, ती मतदानही ऑनलाइन घेऊ शकते. मात्र नियमावलीत "उपस्थित" या शब्दाची व्याख्या आधी दुरुस्त करून घ्यावी. नाहीतर हरलेला उमेदवार निवडणुकीलाच आव्हान देतो आणि दोष ऑनलाइन पद्धतीला लागतो.

तिसरे कारण उमेदवारीची रीत. "बिनविरोध" हा शब्द आपल्याकडे अभिमानाने छापला जातो. व्यवहारात त्याचा अर्थ असा की माजी अध्यक्षांपैकी तिघा-चौघांनी फोनवर नावे ठरवली. नोटीस निघते, अर्ज भरायला सात दिवस, अर्जावर सूचक आणि अनुमोदक. ज्यांना फोन आला त्यांचे अर्ज दुसऱ्या दिवशी तयार असतात. ज्यांना आला नाही त्यांना पद रिकामे होते हेच कळत नाही. पुरुषाला विचारले तर तो "बघूया" म्हणतो आणि ते होकार धरले जाते. बाई म्हणते, "घरी विचारून सांगते, ड्यूटी रोस्टर बघून सांगते," आणि ते नकार धरले जाते. खरे तर ती जबाबदारी पेलेल का, याचा हिशेब करत असते.

सरकारी सेवेतल्या डॉक्टरांची अडचण वेगळी आणि फार कमी जणांना माहीत असलेली. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम १९६४ मधल्या नियम १५ प्रमाणे, नोंदणीकृत वैज्ञानिक संस्थेच्या कामात भाग घ्यायला पूर्वपरवानगी लागत नाही, पण निवडून यायचे पद घ्यायचे असेल तर लागते. हा अर्ज आरोग्य केंद्रातून संचालनालयात जाऊन परत येईपर्यंत सात दिवसांची मुदत कधीच संपलेली असते. हा नियम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. पण स्वतःचे नर्सिंग होम असलेल्याला तो आडवा येत नाही, आणि निश्चित तासांसाठी, प्रसूती रजेसाठी सरकारी नोकरी पत्करलेल्या बाईला येतो. नोटीस आणि अर्जाची शेवटची तारीख यांत किमान ४५ दिवस असावेत, परवानगी प्रलंबित असल्यास अर्ज सशर्त स्वीकारावा. सोबत परवानगीच्या अर्जाचा नमुना जोडला तर अर्धे काम होते.

आणि एक बारीक गोष्ट, जी पाहिल्याशिवाय पटत नाही. डॉक्टर दांपत्यांसाठी संघटनांमध्ये जोडपे सदस्यत्व असते. फी कमी पडते म्हणून बरेच जण ते घेतात. दोघांनाही मत असते. पण जिथे नोंदणीच्या अर्जावर पत्ता एक, ईमेल एक आणि मोबाइल क्रमांक एकच लिहिलेला असतो, तिथे तो बहुधा नवऱ्याचा असतो. नोटीस त्या क्रमांकावर जाते. ऑनलाइन मतदान असेल तर ओटीपी त्याच क्रमांकावर जातो. व्हॉट्सॲप गटात तोच एक क्रमांक. फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये नवरा सर्जन आणि बायको स्त्रीरोगतज्ज्ञ असेल, तर सभेला तो जातो आणि ती वॉर्ड सांभाळते. कागदावर दोन सदस्य, प्रत्यक्षात एक.

इतिहासही इथे उपयोगी पडतो, फक्त तो नीट वाचायला हवा. आनंदीबाई जोशी १८८६ साली पदवीधर झाल्या, रखमाबाईंनी १८९४ साली लंडनहून शिक्षण पूर्ण केले. या दोन तारखा आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. पदवी मिळाली म्हणजे संघटनेचे दार उघडले, असे मात्र झाले नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनमध्ये एलिझाबेथ गॅरेट अँडरसन १८७३ साली सदस्य झाल्या. १८७८ साली संघटनेने ठराव करून पुढच्या स्त्रियांना बंदी केली. बंदी उठली १८९२ मध्ये. एकोणीस वर्षे त्या एकट्याच होत्या. म्हणजे एक स्त्री आत होती आणि तिच्या देखत दार बंद झाले. भारतातल्या डॉक्टर स्त्रियांनी १९०७ साली स्वतःची संघटना उभारली, त्यामागची गरज यावरून कळते.

"पहिली महिला अध्यक्ष" या बातमीवर आपण फार लवकर समाधान मानतो. लंडनच्या स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राच्या रॉयल कॉलेजला १९४९ साली पहिली महिला अध्यक्ष मिळाली, डेम हिल्डा लॉइड. त्यांची मुदत १९५२ मध्ये संपली. दुसरी महिला अध्यक्ष, लेस्ली रेगन, २०१६ साली आल्या. मध्ये ६४ वर्षे. विषय स्त्रियांच्या आरोग्याचा, तरीही. शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजला तर पहिली महिला अध्यक्षच २०१४ साली मिळाली. एखादी कर्तबगार बाई शिडी चढून वर गेली म्हणून शिडी बदलत नाही. आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञांचा महासंघ, फॉग्सी, १९५० साली स्थापन झाला. मुंबईच्या कामा इस्पितळातल्या डॉ. जेरुशा झिराड त्याच्या सुरुवातीच्या अध्यक्षांपैकी, आणि २०१७, २०१८, २०१९ अशी लागोपाठ तीन वर्षे महिला अध्यक्ष झाल्या. ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या शाखेत सदस्यांतच स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत तिथली तुलना अस्थिरोगतज्ज्ञांच्या किंवा सर्जनांच्या संघटनेशी करू नये. कसोटी प्रत्येक ठिकाणी एकच: सदस्यांत जितका वाटा, तितका समितीत आहे का?

महिला विभागांविषयी थोडे सावधपणे लिहितो, कारण तिथे मनापासून काम करणाऱ्या अनेक जणी आहेत. ८ मार्चचा कार्यक्रम, शाळांतली ॲनिमिया तपासणी, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शिबिरे हे सगळे मोलाचे आहे. अडचण रचनेत आहे. विभाग प्रमुखाला मुख्य कार्यकारिणीत मत नसते, स्वतंत्र अंदाजपत्रक नसते, प्रत्येक खर्चासाठी सचिवाची सही लागते. आणि एखादीने मुख्य पदासाठी इच्छा दाखवली की "तुमच्यासाठी महिला विभाग आहेच की" हे उत्तर तयार असते. आगगाडी बाजूच्या रुळावर नेऊन उभी करावी तसे होते. विभाग ठेवायचा असेल तर त्याच्या प्रमुखाला पदसिद्ध मत द्यावे, वार्षिक अंदाजपत्रकात ठरलेली रक्कम द्यावी, आणि विभागातली दोन वर्षे शिडीच्या पात्रतेत मोजावीत. या शेवटच्या अटीनेच बराच फरक पडेल.

परिषदांचेही असेच. माहितीपत्रक उघडले की स्त्रियांची नावे स्वागत समितीत, सूत्रसंचालनात आणि दीपप्रज्वलनाच्या ओळीत दिसतात. मानाची व्याख्याने, सत्राचे अध्यक्षपद, चर्चेचे संचालन या यादीत ती विरळ होतात. म्हणून नुसते "वक्त्यांत किती" मोजून भागत नाही. सकाळी आठचे दहा मिनिटांचे भाषण आणि दुपारचे चाळीस मिनिटांचे मानाचे व्याख्यान एका मापाने मोजू नये, मिनिटे मोजावीत. आणि निमंत्रण दोन आठवडे आधी पाठवले तर नकार येणारच. ओपीडीला बदली डॉक्टर शोधणे, घरी कोणाला तरी बोलावून घेणे, यासाठी आठ आठवडे हवेत. नकार आलाच तर "दुसरी कोण?" हा प्रश्न त्याच फोनवर विचारावा, बहुतेक वेळा दोन नावे मिळतात. सभागृहाला लागून एक स्वच्छ खोली, गादी, पिण्याचे पाणी, आतून बंद होणारे दार आणि दोन अनुभवी आया एवढी सोय केली तर तान्हे मूल असलेली डॉक्टर दोन्ही दिवस येऊ शकते. फुलांचे गुच्छ आणि शाली वगळल्या तरी तो खर्च निघतो.

छळाच्या तक्रारीचा प्रश्न संघटना टाळतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. संघटनेच्या कार्यालयात कर्मचारी एक किंवा दोन, म्हणून समिती नाही. परिषदेत एखाद्या ज्येष्ठाने कनिष्ठ डॉक्टरशी गैरवर्तन केले, तर दोघे वेगवेगळ्या इस्पितळांतले. मग तक्रार कोणाकडे करायची, या गोंधळात तीन महिन्यांची मुदत निघून जाते. स्वतःच्या इस्पितळाची अंतर्गत समिती किंवा जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती हे मार्ग आहेत, पण ते कोणी तरी आधी सांगायला हवेत. परिषदेच्या माहितीपत्रकात आणि ओळखपत्राच्या मागे ते छापावेत. संघटनेने स्वेच्छेने समिती नेमावी, अध्यक्ष स्त्री, निम्म्या सदस्या स्त्रिया, एक व्यक्ती बाहेरची.

आता बदल कसा आणायचा. आधी मोजणी. सदस्य यादीत बहुधा स्त्री-पुरुष असा रकानाच नसतो, सगळे नुसते "डॉ.". किरण, शशी, सुमन ही नावे कोणाची, हे यादी सांगत नाही. तो रकाना आणि वयोगट आधी घालावा. मग पाच वर्षांचे पाच आकडे काढावेत: सदस्यांत स्त्रिया किती टक्के, वार्षिक सभेच्या हजेरीपटात किती, उमेदवारी अर्जांत किती, निवडून आलेल्यांत किती, परिषदेच्या मिनिटांत किती. घसरण कुठे होते ते पाहावे. सदस्य ४० टक्के आणि हजेरी १५ टक्के असेल तर दोष वेळेचा आणि जागेचा. हजेरी ३५ आणि अर्ज ५ असतील तर दोष शिडीचा आणि त्या फोनाफोनीचा. अर्ज आहेत पण निवड नाही, तर दोष मतदारांच्या मनातला, आणि त्याला राखीव जागांशिवाय लवकर गुण येत नाही. निदान न करता औषध दिले तर काय होते ते डॉक्टरांना सांगायला नको. संघटना आकडे देत नसेल तरी मार्ग आहे. सोसायटी नोंदणी कायदा १८६० च्या कलम ४ प्रमाणे व्यवस्थापन समितीची यादी दरवर्षी निबंधकांकडे द्यावी लागते आणि कलम १९ प्रमाणे ठरलेले शुल्क भरून कोणालाही ती पाहता येते.

राखीव जागांना विरोध होईल, "गुणवत्तेचे काय?" असे विचारले जाईल. सचिवाचे काम इतिवृत्त लिहिणे, पत्रव्यवहार, सभागृह ठरवणे. खजिनदाराचे काम हिशेब. ज्या बाईच्या हाती आपण पोट फाडायला देतो, तिला पावतीपुस्तक सांभाळता येईल की नाही, ही शंका मुळात येतेच कशी? वकिलांनी हे पाऊल आधी उचलले आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्वतःच्या बार असोसिएशनसाठी आदेश दिला: कार्यकारिणीच्या ९ सदस्यांत किमान ३ स्त्रिया, ६ ज्येष्ठ सदस्यांत किमान २, आणि पदाधिकाऱ्यांचे एक पद आळीपाळीने स्त्रियांसाठी. सुरुवात खजिनदारपदापासून झाली. गोव्याच्या पंचायतींत तर एकतृतीयांश जागा कित्येक वर्षांपासून आहेत.

पंचायतींतून एक धडाही घ्यावा. जागा बायकोची आणि खुर्चीत नवरा, हे तिथे घडले. संघटनेतही माजी अध्यक्षांच्या पत्नीचे नाव घालून जागा भरली जाऊ शकते. म्हणून ठरावात तपशील हवा. १५ जणांच्या समितीत किमान ५ स्त्रिया. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी एक पद दरवर्षी आळीपाळीने स्त्रीकडे, सांस्कृतिक सचिवपद या मोजणीत धरायचे नाही. पुरेसे अर्ज न आल्यास मुदत सात दिवस वाढवायची आणि कार्यालयाने प्रत्येक सदस्येला स्वतंत्र फोन करायचा, तरीही जागा राहिली तर ती रिकामी ठेवून तीन महिन्यांत स्वीकृत सदस्येने भरायची, पुरुषाने नाही. बँकेत सही खजिनदाराचीच. पाच वर्षांनी आकडे सभेपुढे ठेवून फेरविचार. असा ठराव मांडायला नियमावलीत दिलेल्या मुदतीत लेखी सूचना द्यावी लागते. ती मुदत चुकली तर "आयत्या वेळचे विषय" मध्ये तो ढकलला जातो आणि तिथे नियमावलीत दुरुस्ती होत नाही. सूचनेची पोच घ्यावी. अनुमोदक पुरुष असला तर चांगलेच, कारण हा प्रश्न फक्त बायकांचा आहे असे मानूनच तो इतकी वर्षे मागे राहिला.

वर्तमानपत्रांकडे आमची एक मागणी आहे. "नवी कार्यकारिणी बिनविरोध" ही बातमी छापताना एकूण सदस्य किती, त्यांत स्त्रिया किती आणि कार्यकारिणीत स्त्रिया किती, हे तीन आकडे संघटनेकडून मागून घ्यावेत आणि बातमीतच द्यावेत. आकडे दिले नाहीत तर तसे लिहावे.

आणि जोडपे सदस्यत्व असलेल्या आमच्या मैत्रिणींनी या आठवड्यात आपापल्या संघटनेच्या कार्यालयाला ईमेल करून स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि स्वतःचा ईमेल पत्ता स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावा, मतदार यादीत तो आला की नाही हे नोटीस निघण्यापूर्वी तपासावे. त्यासाठी कोणत्याही ठरावाची गरज लागत नाही.

आपल्या नम्र,
गोव्यातील वैद्यकीय संघटनांच्या काही सदस्या आणि सदस्य
पणजी, फोंडा, मडगाव